दिवाळी ते नाताळ २०२३ : सांगलीतून पाहिलेले चित्रपट आणि न मिळालेला दुसरा आठवडा

कृष्णाकाठ | १ जानेवारी २०२४

नमस्कार. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. सांगलीत राहणारा, नोकरी सांभाळून महिन्यातून एखाददुसरा चित्रपट घरच्यांबरोबर पाहणारा साधा प्रेक्षक आहे. या दिवाळीपासून नाताळापर्यंत मात्र नेहमीपेक्षा बरेच चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहिले. त्यांतल्या मराठी चित्रपटांच्या वाट्याला जे आले ते मनाला लागले, म्हणून इथे हा चर्चेचा धागा काढतो आहे.

१० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या शुक्रवारी, सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ २’ आणि सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ असे दोन मराठी चित्रपट एकाच दिवशी लागले. दोन्ही मुलांना घेऊन पाहावेत असे, म्हणजे दोघांचा प्रेक्षकही एकच. दोघांच्या निर्मात्यांनी दिवाळीची सुट्टी डोळ्यांसमोर ठेवली असणार, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही. परंतु त्या सुट्टीत प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. रविवारी १२ तारखेला लक्ष्मीपूजन होते, त्याच दिवशी ‘टायगर ३’ प्रदर्शित झाला आणि त्याच दिवशी विश्वचषकात बंगळूरला भारत आणि नेदरलँड्सचा सामना होता. बुधवारी १५ तारखेला भाऊबीज आणि वानखेडेवरची उपांत्य फेरी एकत्र आली. पुढच्या रविवारी, १९ तारखेला, अहमदाबादला अंतिम सामना झाला, आणि त्या दुपारी सांगलीत रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. २४ तारखेला नवा शुक्रवार उजाडला तेव्हा या दोन चित्रपटांना मोकळा असा एकही रविवार मिळालेला नव्हता.

‘नाळ २’ मला या हंगामातला सर्वांत जवळचा वाटला. २०१८ च्या पहिल्या भागात आपली जन्मदाती आई वेगळी आहे हे कळलेला चैत्या आता तिच्या गावी जातो आणि सख्ख्या भावंडांना भेटतो. एवढ्या कथेवर चित्रपट उभा राहील का, अशी शंका घेऊन मी गेलो होतो. तो उभा राहतो तो मुलांच्या चेहऱ्यांवर. चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे आता मोठा झाला आहे, त्याच्या डोळ्यांतला बालिश हट्ट कमी होऊन तिथे अवघडलेपण आले आहे, आणि दिग्दर्शकाने ते झाकण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घेतला आहे. चिमी झालेल्या त्रिशा ठोसर या लहानग्या मुलीविषयी काय लिहावे? ती अभिनय करते आहे हे एकदाही लक्षात आले नाही. नागराज मंजुळे आणि देविका दफ्तरदार यांना या भागात काम थोडे आहे, परंतु ज्यांनी मूल वाढवले त्यांच्या मनातली भीती त्या थोड्या जागेतही पोहोचते.

‘श्यामची आई’ कृष्णधवल आहे. अनेकांनी त्याबद्दल नाक मुरडले. मला तो निर्णय योग्य वाटला, कारण आजच्या कॅमेऱ्याने रंगीत कोकण दाखवले की ते पर्यटनाच्या जाहिरातीसारखे दिसू लागते आणि त्यात गरिबी दिसेनाशी होते. इथे घरातला अंधार, विहिरीचे काठ, आईच्या लुगड्याचा जुनेपणा हे सारे डोळ्यांत भरते. गौरी देशपांडे यांची आई कठोरही आहे आणि थकलेलीही आहे. साने गुरुजींच्या भूमिकेत ओम भूतकर आहेत, त्यांचा आवाज चित्रपट संपल्यावरही कानांत राहिला. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते, त्यामुळे तुलना होणारच, परंतु नव्या चित्रपटाने जुन्याची नक्कल केलेली नाही. पूर्वार्ध मात्र संथ आहे, आणि आमच्या खेळाला आलेली लहान मुले पहिला अर्धा तास चुळबुळ करत होती, हेही सांगितले पाहिजे.

‘टायगर ३’ पाहिला. त्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. पहिल्या दोन भागांतला वेग यात राहिलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात मराठी चित्रपटाचा खरा प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांत येत नाही. दिवाळीत घरी पाहुणे असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, फराळ आणि भेटीगाठी आटोपल्याशिवाय बाईमाणूस घराबाहेर पडत नाही. भाऊबीज झाली, कोणीतरी पाहून आले, त्यांनी शेजारी सांगितले, मग चार घरांनी मिळून रविवार ठरवला, अशी ही चाल आहे. आम्ही ‘नाळ २’ साठी असाच रविवार ठरवला आणि चौकशी केली तेव्हा शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये त्याचा दुपारी साडेबाराचा एकच खेळ उरला होता, तोही सोमवारपासून निघणार होता. साडेबारा वाजता नोकरदार माणूस येऊ शकत नाही, शाळकरी मूल येऊ शकत नाही, दुकानदार येऊ शकत नाही. मग खेळ रिकामा गेला की मराठीला प्रेक्षक नाही असे म्हणतात. चित्रपट वाईट असेल तर तो पडावा, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु लोकांनी त्याविषयी बोलायला सुरुवात करण्याआधीच तो काढून टाकला, तर तो चांगला होता की वाईट हे ठरवले कोणी?

आपण सर्वांनी या हंगामात काय पाहिले, कोठे पाहिले आणि कोणत्या वेळेला, हे लिहावे अशी विनंती आहे.

तंबोरा | २ जानेवारी २०२४

धागा आवडला. मी मिरजेची. आमच्या भिशीतल्या सगळ्याजणींनी मिळून ‘झिम्मा २’ पाहिला, म्हणून त्याविषयी लिहिते. हेमंत ढोमे यांचा हा चित्रपट २४ नोव्हेंबरला आला. क्रिकेट संपलेले, दिवाळी आटोपलेली, त्यामुळे त्याला पहिला आठवडा निदान मोकळा मिळाला. पहिल्या भागातल्या सोनाली कुलकर्णी आणि मृण्मयी गोडबोले यात नाहीत, त्यांच्या जागी रिंकू राजगुरू आणि शिवानी सुर्वे आल्या आहेत. सुहास जोशी यांच्या इंदूचा पंचाहत्तरावा वाढदिवस आणि त्यासाठी इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टची सहल, एवढीच गोष्ट. पहिल्या भागात प्रत्येकीचे दुःख हळूहळू उघडत गेले होते, इथे ते काहीसे वाटून दिल्यासारखे येते. तरीही निर्मिती सावंत यांच्या प्रत्येक वाक्याला आमची अख्खी रांग हसत होती, आणि सुहास जोशी यांना त्या वयात मध्यवर्ती भूमिकेत पाहताना आमच्यातल्या ज्येष्ठ सभासदांचे डोळे भरून आले होते.

बायका एकत्र चित्रपटाला जातात ही गोष्ट जूनअखेर ‘बाईपण भारी देवा’ने दाखवून दिली होती. नऊवारी नेसून, गॉगल लावून, अख्ख्या गल्लीच्या गल्ल्या गेल्या. तो चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालला, कारण सुरुवातीला गर्दी दिसताच खेळ वाढवले गेले. ‘झिम्मा २’च्या बाबतीत आमच्या दुसऱ्या भिशीने ९ डिसेंबर ठरवला होता. १ डिसेंबरला ‘अ‍ॅनिमल’ आणि ‘सॅम बहादूर’ लागले आणि संध्याकाळचा खेळ गेला. बायकांच्या गटाला दुपारची वेळ चालते असे चित्रपटगृहवाल्यांना वाटत असेल, परंतु आमच्यातल्या निम्म्याजणी नोकरी करतात. शनिवारी संध्याकाळी सहाचा खेळ असता तर आम्ही दोन पूर्ण रांगा भरल्या असत्या.

पडद्यामागे | २ जानेवारी २०२४

मी जिल्ह्यातल्या एका चित्रपटगृहाच्या बुकिंगचे काम अनेक वर्षे केले आहे. आता त्या व्यवसायात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो.

कृष्णाकाठ यांचा मुद्दा प्रेक्षकाच्या बाजूने अगदी बरोबर आहे. चित्रपटगृहाची बाजूही समजून घ्यावी. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात सुमारे दोन महिने संघर्ष चालला, नवे हिंदी चित्रपट त्या काळात मल्टिप्लेक्समध्ये लागलेच नाहीत, आणि त्यानंतर उत्पन्नाचे वाटे ठरले. पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यापासून ३० टक्के. म्हणजे चित्रपट जितका टिकेल तितका चित्रपटगृहाचा वाटा वाढतो. हे पाहून कोणालाही वाटेल की चित्रपटगृहाने चित्रपट टिकवायला हवेत. परंतु मोठ्या वाट्याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा खुर्च्या भरलेल्या असतात. वीज, वातानुकूलन आणि कर्मचारी यांचा खर्च खुर्ची रिकामी असली तरी तोच राहतो, आणि आमचा खरा नफा तिकिटापेक्षा मध्यंतरातल्या खाण्यापिण्यावर असतो. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांचे आकडे सोमवारी सकाळी समोर येतात आणि त्यावरून पुढचे खेळ ठरतात. ‘नाळ २’ला मिळालेला पहिला रविवार लक्ष्मीपूजनाचा होता, याचा विचार त्या आकड्यांत कोठेही नसतो.

दुसरी गोष्ट लांबीची. ‘अ‍ॅनिमल’ २०१ मिनिटांचा आहे. मध्यंतर, जाहिराती आणि सफाई धरली तर एका पडद्यावर त्याचे चार खेळ बसवताना दिवस संपतो. मागणी प्रचंड, खेळ कमी, म्हणून आणखी एक पडदा त्यालाच द्यावा लागतो. तो दुसरा पडदा कोणाचा गेला, ते तंबोरा ताईंनी लिहिलेच आहे.

तिसरी गोष्ट वितरकाची. मोठा हिंदी चित्रपट देताना एकपडदा चित्रपटगृहाला दिवसाचे चारही खेळ आमचेच लावा, अशी अट घातली जाते. नाही म्हटले तर पुढच्या सणाचा चित्रपट मिळेल याची खात्री राहत नाही. सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्ससाठी मराठीचा प्राइम टाइम, म्हणजे मराठी चित्रपट दाखवायचीच वेळ, जाहीर केला तेव्हा तो संध्याकाळी सहा ते नऊ असा होता. काही दिवसांतच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी रुंद करण्यात आली. साडेबाराचा खेळ नियमात कसा बसतो, याचे उत्तर त्या दुरुस्तीत आहे.

अजिंक्यतारा | ३ जानेवारी २०२४

साताऱ्याहून लिहितो. माझ्या घरात तीन पिढ्या सैन्यात आहेत, आणि आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत जिथे पहिल्या महायुद्धापासून प्रत्येक घराने लष्कराला माणूस दिला आहे. त्यामुळे मेघना गुलजार यांचा ‘सॅम बहादूर’ आमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिला गेला.

विकी कौशल यांनी १९७१ च्या युद्धातले लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांची चाल, मान तिरपी ठेवण्याची पद्धत आणि बोलण्यातली ऐट इतकी आत्मसात केली आहे की मध्ये बसवलेली जुनी खरी चित्रफीत येते तेव्हा दोहोंत अंतर जाणवत नाही. एप्रिल १९७१ मध्ये लगेच युद्ध सुरू करायला ते पंतप्रधानांना नकार देतात आणि पावसाळा, पूर, सैन्याची हलवाहलव ही कारणे समोर ठेवतात, तो प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटला. तयारी झाल्याशिवाय जवानाला पुढे पाठवायचे नाही, ही गोष्ट आरडाओरडा न करता सांगणारा हिंदी युद्धपट बऱ्याच काळाने पाहिला. उणीव अशी की आयुष्यातला प्रत्येक टप्पा घ्यायचाच या आग्रहामुळे चित्रपट प्रकरणाप्रकरणाने पुढे जातो, आणि १६ डिसेंबर १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीपर्यंत पोहोचेतो बांगलादेशचे युद्ध घाईने उरकल्यासारखे वाटते.

माझ्या वडिलांना तो दाखवायचा होता. त्यांच्या गुडघ्यांमुळे रात्रीचा खेळ शक्य नव्हता आणि साताऱ्यात त्या आठवड्यात दिवसा केवळ ‘अ‍ॅनिमल’ दिसत होता. म्हणजे हा प्रश्न मराठीपुरता नाही. शांतपणे बोलणारा हिंदी चित्रपटही त्याच रांगेत मागे ढकलला जातो.

द्राक्षबाग | ४ जानेवारी २०२४

थोडे वेगळे मत मांडतो. तासगाव भागात शेती करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर दिवाळीच्या सुमारास बागेत फुलोरा आणि पावसाची धास्ती असते, त्यामुळे चित्रपटासाठी सांगलीला येणे म्हणजे अर्धा दिवस मोडणे. तो अर्धा दिवस मी कोणासाठी मोडावा? पडद्यावर मोठे काही दिसणार असेल तर. म्हणून मी २२ डिसेंबरला आलेला ‘सालार’ हिंदीत पाहिला, आदल्या दिवशी आलेला ‘डंकी’ सोडून दिला, आणि मला त्याची खंत नाही. प्रभासचा पडद्यावरचा वावर आणि खाणीतल्या त्या काळ्या जगाची उभारणी घरच्या टीव्हीवर अर्धीही पोहोचणार नाही.

‘अ‍ॅनिमल’ही पाहिला. बायकोला बरोबर नेले नाही ते बरे झाले, कारण त्यातल्या नायकाचे बायकोशी वागणे मला पटले नाही आणि त्या प्रसंगांना होणाऱ्या शिट्ट्या तर अजिबात पटल्या नाहीत. परंतु उपेंद्र लिमये यांचा फ्रेडी आल्यावर चित्रपटगृह जे दणाणले, ते विसरता येणार नाही. हॉटेलातल्या मारामारीला अजय-अतुल यांचे ‘डॉल्बीवाल्या’ वाजते. आमच्या मिरवणुकांतले गाणे एवढ्या मोठ्या हिंदी चित्रपटात त्या ताकदीने वापरलेले पाहून आनंद झाला, आणि असा आवाज आमच्या मराठी चित्रपटांनी स्वतःच्या पडद्यावर का ठेवू नये, हा प्रश्नही पडला.

पैशाचेही बोलायला हवे. १३ ऑक्टोबरला राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त ९९ रुपयांत तिकीट होते, त्या दिवशी आमच्या गावची पोरे गाड्या काढून आली. २०२३ मध्ये शंभरपर्यंतच्या तिकिटावर १२ टक्के कर होता आणि वर १८ टक्के, हा हिशेब सामान्य माणसाला पाठ नसतो, पण घरातली चार माणसे, पेट्रोल आणि मध्यंतरातले मक्याचे कणीस यांची बेरीज त्याला येते. त्या बेरजेत ‘नाळ २’ बसला नाही, कारण दोन महिन्यांत तो फोनवर दिसेल हे सर्वांना माहीत होते.

फळाखडू | ४ जानेवारी २०२४

मी वाळवा तालुक्यात शिक्षिका आहे. द्राक्षबाग दादांच्या मताचा आदर ठेवून सांगते की मुलांच्या बाबतीत मोठा पडदा म्हणजे मोठी मारामारी एवढेच नसते. आमच्या शाळेने ‘श्यामची आई’चा सकाळचा खेळ सवलतीत ठरवला. कृष्णाकाठ यांनी चुळबुळीविषयी लिहिले आहे ते खरे आहे, आमच्याकडेही ती झाली. मात्र आई आजारी पडते तिथून पुढे चित्रपटगृहात पूर्ण शांतता होती. ती शांतता वर्गातल्या टीव्हीवर निर्माण होत नाही, कारण तिथे दार उघडे असते, शेजारच्या वर्गाचा आवाज येतो आणि पडदा डोळ्यांत मावतो. दुसऱ्या दिवशी सातवीच्या मुलांनी घरच्या आईविषयी जे लिहून आणले, त्यांतली बरीच पाने मी जपून ठेवली आहेत.

अडचण अशी झाली की दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या तोवर चित्रपट नियमित खेळांतून गेला होता. आम्हाला तो मिळाला तो मुख्याध्यापकांनी वितरकाच्या माणसाकडे सतत पाठपुरावा केला म्हणून. शेजारच्या दोन शाळांना जमले नाही. मुलांचा चित्रपट सुट्टीत लावायचा आणि शाळा उघडण्याआधी काढायचा, हे कोणाच्या सोयीचे आहे?

कृष्णाकाठ | ५ जानेवारी २०२४

सर्वांचे मनापासून आभार. द्राक्षबाग, अर्धा दिवस कोणासाठी मोडावा हा आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याला मराठी निर्मात्यांनीच उत्तर द्यायचे आहे. तरीही एक उदाहरण समोर ठेवतो. २७ ऑक्टोबरला ‘१२वी फेल’ आला. त्यात प्रभास नाही, खाण नाही, मोठा आवाज नाही. महाराष्ट्र केडरमधल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या धडपडीवर बेतलेली गोष्ट आणि विक्रांत मॅसी यांचा चेहरा, एवढ्याच भांडवलावर तो उभा आहे. सुरुवातीला आमच्याकडेही त्याला किरकोळ खेळ होते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी एकमेकांना सांगितले, खेळ टिकले, नंतर पालक गेले, आणि २९ डिसेंबरला तो मोबाइलवर आला तरी लोक पडद्यावर पाहिल्याचे अभिमानाने सांगत होते. त्याला दिवाळीच्या आधीचे दोन रविवार मिळाले होते. चित्रपट उत्तम होता हे तर खरेच, परंतु तो उत्तम आहे हे लोकांना कळेपर्यंत तो जागेवर होता, हे माझ्या लेखी तितकेच महत्त्वाचे आहे.

सांगलीच्या प्रेक्षकाला दोष देणे मला मान्य नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हापासून हे गाव खेळ पाहते आहे. आजही चांगले नाटक आले की लोक तिकीट आधी काढून ठेवतात, कारण नाटकाचा प्रयोग संध्याकाळी असतो, रविवारी असतो आणि जाहिरात पाहून ठरवायला वेळ असतो.

पडद्यामागे सर, एक विचारायचे आहे. पहिल्या सोमवारच्या आकड्यांवर निर्णय होतो असे आपण लिहिले. मराठी निर्मात्याने पहिल्या आठवड्यात खेळ कमी घ्यावेत, दिवसाला एकच पण संध्याकाळचा, आणि त्याच्या बदल्यात तीन आठवड्यांची हमी मागावी, असे होऊ शकते का?

पडद्यामागे | ५ जानेवारी २०२४

एकपडदा चित्रपटगृहात होऊ शकते, कारण तिथे मालक समोर बसलेला असतो आणि ठरलेल्या भाड्यावर सौदा करता येतो. निर्मात्याने आठवड्याचे भाडे आधी भरले तर मालकाला रिकाम्या खुर्चीची भीती राहत नाही. साखळी मल्टिप्लेक्समध्ये निर्णय पुण्या-मुंबईत होतो, तिथे सांगलीच्या माणसाचे चालत नाही. शिवाय निर्मात्याची जाहिरात पहिल्याच आठवड्यात संपलेली असते. तीन आठवडे पुरेल अशी जाहिरात करायला पैसा लागतो, आणि तो दूरचित्रवाहिनीच्या पाठबळाशिवाय बहुतेकांकडे नसतो.

अजिंक्यतारा | २ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतो आहे. काल ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, ते २०२३ च्या चित्रपटांसाठी आहेत. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’. सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ २’, आणि बालकलाकारांच्या पुरस्कारात त्यातल्या त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप या तिघांची नावे आहेत. सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘१२वी फेल’. ‘सॅम बहादूर’लाही राष्ट्रीय मूल्यांसाठीचा पुरस्कार आहे, रंगभूषेसाठी श्रीकांत देसाई यांचा सन्मान झाला आहे. या धाग्यावर ज्यांच्याविषयी आपण लिहिले होते तेच सारे. वडिलांना ‘सॅम बहादूर’ शेवटी घरीच दाखवला होता, काल बातमी ऐकून त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

फळाखडू | २ ऑगस्ट २०२५

फार आनंद झाला. सध्या सातवीत असलेल्या मुलांनी ‘श्यामची आई’ मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही, आणि ‘नाळ २’ तर कोणत्याच तुकडीने पाहिलेला नाही. पुरस्कारानंतर हे चित्रपट पुन्हा लागतील का, याची कोणाला माहिती आहे का? या वेळी आमच्या शाळेबरोबर शेजारच्या दोन शाळाही तयार आहेत, त्यामुळे एक पूर्ण खेळ सहज भरेल.

पडद्यामागे | ३ ऑगस्ट २०२५

नियमित प्रदर्शनाची वाट पाहू नये. तिन्ही मुख्याध्यापकांच्या सह्यांचे एकत्रित पत्र तयार करा, त्यात विद्यार्थिसंख्या आणि चालतील अशा दोन-तीन तारखा लिहा, आणि सकाळी नऊचा खेळ मागा. त्या वेळी पडदा मोकळा असतो. ‘नाळ २’च्या वितरणाचे काम पाहणाऱ्या माणसाशी माझी ओळख आहे. त्यांना उद्या फोन करतो आणि डिजिटल प्रतीचे शुल्क किती पडेल ते इथेच कळवतो.